कर्जाच्या अटींमधून आलेला कामगार कायदा : रोमानियाची पार्श्वभूमी

युरोपीय संघाच्या करारातील कलम 153 नुसार वेतन, संघटना-स्वातंत्र्य आणि संपाचा हक्क हे विषय संघाच्या कायदे करण्याच्या कक्षेबाहेर ठेवलेले आहेत. तरीही रोमानियातील कामगार-मालक संबंधांना गेल्या दोन दशकांतील सर्वांत मोठे वळण ब्रुसेल्सच्या, म्हणजे युरोपीय संघाच्याच, सहभागाने मिळाले, आणि ते कर्जाच्या वाटेने मिळाले.

1989 च्या डिसेंबरमध्ये चाउशेस्कूची साम्यवादी राजवट कोसळल्यानंतर उभ्या राहिलेल्या व्यवस्थेत राष्ट्रीय पातळीवरचा सामूहिक करार, म्हणजे कामगार संघटना आणि मालक यांनी वाटाघाटींतून केलेला करार, देशातील सर्व कामगारांना लागू होत असे. किमान वेतन आणि शिक्षण-कौशल्यानुसार ठरणारे वेतनाचे गुणांक (किमान वेतनाच्या किती पट वेतन द्यायचे ते) त्यातच असत. 1 जानेवारी 2007 रोजी रोमानिया संघात दाखल झाला. रोमानियातील लोक कामासाठी परदेशात गेल्यामुळे मनुष्यबळाची टंचाई भासू लागली होती, त्यामुळे कामगारांची बाजू उलट बळकट झाली. रेनोच्या मालकीच्या डाचिया या मोटार कंपनीच्या मिओवेनी कारखान्यात 2008 मध्ये सुमारे तीन आठवडे संप चालला आणि वेतनवाढ पदरात पडली.

पुढच्याच वर्षी आर्थिक संकटाने चित्र पालटले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, युरोपीय संघ आणि जागतिक बँक यांच्याकडून रोमानियाने सुमारे 20 अब्ज युरोंचे कर्जरूपी साहाय्य मिळवले. 2010 मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांचे पगार 25 टक्क्यांनी कापले गेले. मात्र पगारकपात पुढे मागे घेता आली. खोलवर परिणाम झाला तो याच कर्जाच्या अटींमधून आलेल्या 2011 च्या सामाजिक संवाद कायद्याचा. पंतप्रधान एमिल बोक यांच्या सरकारने संसदेत नेहमीची चर्चा न होऊ देता तो संमत करून घेतला. राष्ट्रीय करार रद्द झाला, कंपनीत वाटाघाटी करण्यासाठी निम्म्याहून अधिक कामगार संघटनेचे सभासद असण्याची अट आली, आणि संघटना स्थापन करायला एकाच आस्थापनेतील किमान 15 जण लागू लागले. बारा जणांच्या दुकानातील किंवा कार्यशाळेतील कामगारांना आपली संघटना काढण्याचा मार्गच त्यामुळे बंद झाला, आणि रोमानियातील बहुसंख्य आस्थापना एवढ्याच लहान आहेत. सामूहिक करारांच्या कक्षेतील कामगारांचे प्रमाण काही वर्षांतच एक तृतीयांशाच्या आसपास घसरले. 2012 मध्ये नव्या सरकारने दुरुस्तीचा प्रयत्न केला, तेव्हा नाणेनिधी आणि युरोपीय आयोग या दोघांनीही विरोध नोंदवला. हा हस्तक्षेप, माझ्या मते, कलम 153 च्या हेतूलाच छेद देणारा होता.

ऑक्टोबर 2022 मध्ये त्याच संघाने पुरेशा किमान वेतनाविषयीचा निर्देश (सदस्य देशांनी आपल्या कायद्यात उतरवायचा संघाचा नियम) काढून, सामूहिक करारांची व्याप्ती 80 टक्क्यांपेक्षा कमी असलेल्या सदस्य देशांना ती वाढवण्याचा कृती आराखडा आखायला सांगितले. त्याच डिसेंबरमध्ये रोमानियाने नवा कायदा करून कंपनी पातळीवरील सभासदत्वाची अट 35 टक्क्यांवर आणली, दहा कामगारांना संघटना स्थापन करण्याची मुभा दिली आणि राष्ट्रीय कराराची वाट अकरा वर्षांनी पुन्हा मोकळी केली.