आशा म्हणजे अंगणवाडीची मदतनीस नव्हे

एकदाचं लिहूनच टाकते, कारण तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलंय. आशा, म्हणजे आरोग्य खात्याची गावातली स्वयंसेविका, वेगळी, अंगणवाडी सेविका वेगळी. आशा सेविकेच्या हाताखाली नसते, तिच्या खात्यातही नसते. अंगणवाडीत जी मदतनीस असते ती तिसरीच बाई, ती खिचडी शिजवते, पोरांना घरून आणते, खोली झाडते. तिला कोणी चुकून आशा म्हणत नाही पण आशाला मात्र खुशाल "अंगणवाडीवाली" म्हणतात, आणि यात सरपंच, मास्तर, पेपरवाले सगळे आले. २०२३ च्या डिसेंबरात राज्यातल्या अंगणवाडी सेविकांचा संप सुरू झाला आणि तो चालू असतानाच जानेवारीत आशांचा सुरू झाला, तेव्हा तर कोण कशासाठी मैदानात बसलंय याचा लोकांच्या डोक्यात नुसता काला झाला होता.

अंगणवाडीबद्दल फार सांगत बसत नाही, आपल्यातले निम्मे तिथेच बडबडगीतं शिकलेत. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बाल विकास योजना सुरू झाली, तिचं हे गावातलं टोक. सहा वर्षांपर्यंतची मुलं, गरोदर बाया, बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंतच्या आया. तीन ते सहा वर्षांच्या पोरांना तिथेच ताजा आहार, सहा महिने ते तीन वर्षांच्यांना घरी न्यायचं पाकीट म्हणजे टीएचआर, दर महिन्याला वजन-उंची, आणि ते सगळं मोबाईलवर पोषण ट्रॅकरमधे भरायचं. खातं महिला व बालविकास. झालं.

आशा आली २००५ साली, राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर. साधारण हजार लोकांमागे एक, आदिवासी आणि डोंगरी भागात पाडा लहान असला तरी एक. ती त्याच गावातली असावी लागते आणि शक्यतो लग्न झालेली, विधवा किंवा घटस्फोटित, कारण लग्नाआधीची मुलगी नेमली तर उद्या लग्न होऊन दुसऱ्या गावाला जाणार आणि शिकवलेलं सगळं वाया. म्हणून आशा बहुतेक वेळा कोणाची तरी सून असते. तिला खोली नाही, खुर्ची नाही, वेळ नाही. एक बॅग, एक रजिस्टर नि पाय.

आता खरा घोळ इथे आहे, आणि तो पैशाचा आहे. बाकीचे फरक एक वेळ विसरलात तरी चालेल.

सेविकेला महिन्याचं मानधन असतं. ते कमी आहे, उशिरा येतं, त्यावरून भांडणं होतात, सगळं खरं, पण ते महिन्याचं असतं. आज पाच पोरं आली काय नि पंचवीस आली काय, हिशोब महिन्याचाच. सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२२ मधे सेविका आणि मदतनीस दोघींनाही ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो असा निकाल दिला, म्हणजे कोर्टानेसुद्धा ही नुसती समाजसेवा नाही हे मान्य केलं. आशाचा त्या निकालात काही संबंध नाही. ती सरकारी कागदावर स्वयंसेविका आहे आणि तिचे पैसे कामागे आहेत. नवजात बाळाच्या घरी ठरलेल्या सगळ्या भेटी झाल्या, वजनाची नोंद झाली, सुरुवातीच्या लसी झाल्या की २५० रुपये. पहिल्या वर्षाच्या सगळ्या लसी पूर्ण झाल्या की १००. जननी सुरक्षा योजनेत बसणारी बाई दवाखान्यात बाळंत झाली की ग्रामीण भागात ६००. टीबीच्या साध्या पेशंटने औषधांचा कोर्स पुरा केला की १०००. शिवाय महिन्याचा ठरलेला भाग आहे, राज्याने मार्च २०२४ मधे त्यात पाच हजारांची वाढही केली, त्यामुळे आता अगदी पूर्वीसारखं नाही. पण बाकीची बांधणी तीच, काम झालं आणि कागदावर सही आली तर पैसे.

यावरून कळतं की काय मागायचं कोणाकडे आणि कशावर चिडायचं. लोक म्हणतात आशा सारखी का येते, चौकशा का करते, पाळी कधी चुकली, बाळाला दूध कितीदा. अहो ती भोचक नाहीये, तिचं कामच घरी येण्याचं आहे. आणि उलट बाजूने, रात्री दोनला कळा सुरू झाल्या की आशाला फोन, सासऱ्याचं बीपी वाढलं आशाला फोन, आभा म्हणजे आरोग्याचं ओळखपत्र काढायचं आशाला फोन. यातल्या कित्येक गोष्टींचा तिला रुपया मिळत नाही आणि तुम्हाला वाटतं पगार घेते ना मग करायलाच पाहिजे. मला या "पगार घेते ना" ची भयंकर चीड आहे. सेविकेलाही ते लागू नाही, मानधन म्हणजे पगार नव्हे, पण आशाच्या बाबतीत तर धडधडीत खोटं आहे.

सेविकेचं दुखणं वेगळं. तिला जागेवर असणं भाग आहे आणि सरकारच तिला जागेवर राहू देत नाही. मतदारयादीचं काम आलं, सेविका बीएलओ म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणारी. २०२४ ला लाडकी बहीण आली, फॉर्म भरायला सेविका. मग अंगणवाडी मदतनीस बाईच्या भरवशावर, आणि आया म्हणतात ताई कधी नसतेच. असते हो, तहसीलमधे असते.

तक्रारीचा रस्ताही म्हणून वेगळा, आणि इथे लोक हमखास चुकतात. सेविकेच्या वर पर्यवेक्षिका, तिच्या वर तालुक्याचे बालविकास प्रकल्प अधिकारी म्हणजे सीडीपीओ. आशाच्या वर गटप्रवर्तक, मग प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर, मग तालुका आरोग्य अधिकारी. टीएचआरचं पाकीट आलं नाही म्हणून आरोग्य केंद्रात जाऊन भांडलात तर डॉक्टर फार तर मान हलवतील. या दोन रेषा ग्रामीण भागात थेट जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणजे सीईओच्या टेबलावर एकत्र येतात, त्याच्या खाली कुठेच नाही. म्हणजे एकाच गल्लीत काम करणाऱ्या दोन बायांचा पहिला सामाईक साहेब जिल्ह्याच्या ठिकाणी बसतो!

तरी काम एकत्र होतं, ते खालच्या पातळीवर, आणि महिन्यातून एकदा ते डोळ्यांनी बघता येतं. ग्राम आरोग्य व पोषण दिन. जागा अंगणवाडीची, लस टोचणारी उपकेंद्राची नर्सबाई, घरोघर जाऊन बाया-पोरांना गोळा करून आणणारी आशा, वजन करणारी सेविका. एकीच्या हातात लसीचा डबा, दुसरीच्या हातात बोलवायच्या नावांची यादी, तिसरीने काटा टांगलेला, आणि प्रत्येक आईच्या हातात तेच एक माता-बाल संरक्षण कार्ड, ज्यावर सगळ्यांच्या नोंदी होतात. त्या कार्डाची घडी सोडून सोडून ते मधोमध फाटतं, लोक सेलोटेप लावतात, आणि तरी माझ्या मते दोन्ही खात्यांनी मिळून केलेल्या कामात ते कार्ड सगळ्यात शहाणपणाचं. (सुई आशाही मारत नाही नि सेविकाही नाही, ते काम फक्त नर्सचं, यावर आता वाद नको.)

घरच्या भेटींचं जरा सांगते कारण त्याचं मूळ आपल्याकडचं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने नव्वदच्या दशकात गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं, बाळंतपणानंतर घरी जाऊन नवजात बाळ बघायचं. नवजात बालमृत्यू निम्म्याहून खाली आले, १९९९ मधे ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि २०११ पासून हे काम देशभरातल्या आशांना दिलं गेलं. एक फरक आहे, तिथल्या आरोग्यदूत जंतुसंसर्गाला इंजेक्शनही द्यायच्या, आशाला तेवढी मुभा नाही. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, घरी जन्मलं तर पहिल्या दिवशीही. ती येते, आधी हात धुते, बाळाला झोळीत घालून वजन करते, काखेत थर्मामीटर धरते आणि मग घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट बाळाचे श्वास मोजते. तो मिनिट घरात कोणी बोलायचं नाही असं ती सांगते आणि आजीबाई नेमक्या तेव्हाच चहा विचारतात. श्वास साठ किंवा जास्त भरले तर चहा राहू द्या, दवाखाना गाठा. हे सेविका करत नाही, तिच्याकडून अपेक्षाही नाही. सहा महिन्यांच्या आत बाळाला अंगणवाडीतून खाऊही नसतो, तेव्हाचा आहार असतो तो आईसाठी.

आणि आता आपल्याकडचा खास घोटाळा, माहेर. पहिलं बाळंतपण माहेरी, ठरलेलंच. नोंदणी सासरच्या आशाकडे झालेली, टीएचआर सासरच्या अंगणवाडीत, आणि सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी ओटी भरून माहेरी. माहेरच्या आशाला कोणी कळवत नाही. बाळ झालं, बेचाळीस दिवसांच्या भेटी कोणी करायच्या? सासरची आशा तिथे जाऊ शकत नाही, माहेरच्या आशाच्या यादीत नाव नाही. घरचे म्हणतात सव्वा महिन्याने परत जाणारच आहे की. अहो पण सगळ्यात नाजूक दिवस तेच सव्वा महिन्यातले. यात मी दोष दोन्ही आशांना देत नाही, दोष घरच्यांचा आहे. फोन एक करा. मुलगी माहेरी पोचली की तिथल्या आशाला कार्ड दाखवा, त्यावरचा नोंदणी नंबर लिहून घ्यायला सांगा, आणि अंगणवाडीचं नाव बदलायला सेविकेला सांगा, पोषण ट्रॅकरमधे स्थलांतराची सोय आहे. दोन्हीकडे वेगवेगळं सांगावं लागतं, एकीला सांगितलं म्हणजे दुसरीला कळलं असं होत नाही, कारण दोघींची नोंद दोन वेगळ्या खात्यांच्या सिस्टिममधे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचं तर हेच दर दिवाळीनंतर होतं आणि तिथे फोन करायलाही कोणाला सवड नसते.

कुपोषणातही हीच गंमत. दंडाचा घेर मोजायची पट्टी ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेली की मूल अतितीव्र कुपोषित. पट्टी आणि वजन सेविकेकडे. पण मुलाला ताप, जुलाब, सूज आहे का, त्याला भूक आहे का, हे आरोग्याच्या माणसाने बघायचं. भूक आहे, बाकी त्रास नाही, तर अंगणवाडीतच ग्राम बालविकास केंद्रात थोडं थोडं पण वारंवार खायला घालायचं. भूकच नाही किंवा आजारी आहे, तर दवाखान्यातलं पोषण पुनर्वसन केंद्र. इथे सेविका म्हणते मी चिठ्ठी दिली, दवाखाना म्हणतो मूल आलंच नाही, आणि मूल घरी असतं कारण आईची मजुरी बुडते आणि मागे दुसरी दोन पोरं आहेत. त्या आईला समजावून, मागच्या पोरांची सोय लावून, गाडीत बसवून नेणारी व्यक्ती बहुतेक वेळा आशाच असते. चिठ्ठी आणि बेड यांच्यामधलं हे जे अंतर आहे ते कुठल्याच खात्याच्या फॉर्ममधे नीट बसत नाही.

म्हणून काही जण म्हणतात दोघींना एकाच खात्याखाली आणा. मला अजिबात पटत नाही. एक केलं की पहिल्या महिन्यात आशाला अंगणवाडीच्या खोलीत बसवून ॲप भरायला लावतील आणि घरोघरी फिरणं बंद. खाती दोन राहू देत, मुलांची यादी एक करा. दर महिन्याला दोघींनी रजिस्टरं समोरासमोर ठेवून नावं जुळवायची, बस. जिथे दोघींचं आपसात पटतं तिथे हे आदेशाशिवाय चालू असतं, जिथे पटत नाही तिथे दहा परिपत्रकं आली तरी होत नाही.

राहिली शहरं. शहरातली अंगणवाडी महापालिकेची असं समजून लोक वॉर्ड ऑफिसात अर्ज देतात. ती राज्याच्या नागरी प्रकल्पाची असते, तिथेही सीडीपीओच शोधावा लागतो. आशा मात्र शहरात महापालिकेच्या आरोग्य केंद्राला जोडलेली, तिचं नाव हवं असेल तर केंद्रात विचारा, सांगतील. आणि जाता जाता, गरोदर बाईला न्यायला-आणायला मोफत गाडी हवी तर १०२, जीवावरचं असेल तर १०८. आशाला फोन जरूर करा, पण आधी गाडीला करा.