शहराच्या हद्दीबाहेरचा कचरा: काउंटीचे काम आधी, अधिकार नंतर

अमेरिकेत शहराची हद्द संपली की नगरपालिकाही संपते. पुढे बऱ्याच राज्यांत ग्रामपंचायतीसारखे काही नसते, थेट काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या राज्याच्या विभागाचा, कारभार सुरू होतो. रस्ते, शेरीफ (तिथला पोलीसप्रमुख), न्यायालय, जमिनीच्या नोंदी ही काउंटीची जुनी कामे. कचरा त्यांत नव्हता. शेतावरची माणसे तो मागच्या ओघळीत लोटत, नाहीतर पत्र्याच्या पिंपात पेटवून देत. शहरांचा कचराही पुष्कळदा हद्दीबाहेरच जाऊन पडे, कारण तिथे जमीन स्वस्त आणि मतदार दुसऱ्याचे.

काउंटीला हे थांबवायचे असले तरी हात बांधलेले होते. आयोवाचे न्यायाधीश जॉन डिलन यांनी १८६८ मध्ये एक तत्त्व मांडले: स्थानिक संस्थेला राज्याने जेवढे अधिकार दिले तेवढेच तिचे. अनेक राज्यांनी ते उचलून धरले. त्यामुळे आधी राज्याचा कायदा आणि मगच काउंटीचा नियम, असा क्रम ठरला.

१९६५ च्या पहिल्या संघीय घनकचरा कायद्याने संशोधनाला आणि राज्यांच्या आराखड्यांना पैसा दिला, सक्ती केली नाही. १९७६ च्या कायद्याने मात्र उघड्यावरच्या कचरा डेपोंना बंदी घातली. डेपो बंद करायचे तर खेड्यापाड्यातला कचरा गोळा कोण करणार? घरे मैलमैल लांब, दारोदार गाडी फिरवणे परवडणारे नाही. अलाबामातल्या चिल्टन काउंटीसारख्या ठिकाणी रस्त्याच्या कडेला मोठ्या लोखंडी पेट्या ठेवण्याची पद्धत आली. ‘ग्रीन बॉक्स’ म्हणून ती दक्षिणेत पसरली. कल्पना चांगली होती, पण राखण कोणाचीच नव्हती. पेट्यांना आगी लागत, मेलेली जनावरे आणि जुने सोफे बाजूला येऊन पडत, शेजारच्या काउंटीतले लोकही गाडी थांबवून पिशव्या टाकून जात. म्हणून पुढे कुंपण घातलेली, ठरावीक वेळेत उघडणारी, माणूस बसवलेली संकलन केंद्रे आली. टेनेसीने १९९१ च्या कायद्यात अशा सोयीची जबाबदारी काउंट्यांवरच टाकली.

खरा धक्का त्याच वर्षी बसला. संघीय पर्यावरण संस्थेने लँडफिलसाठी, म्हणजे कचरा पुरण्याच्या खड्ड्यांसाठी, नवे नियम काढले: नव्या खड्ड्याच्या तळाशी दाबलेली चिकणमाती आणि तिच्यावर प्लॅस्टिकचे अस्तर, झिरपणारे घाण पाणी गोळा करण्याची सोय, भूजल तपासायच्या विहिरी, आणि लँडफिल बंद केल्यावरही ३० वर्षे देखभाल. छोट्या काउंटीच्या तिजोरीला हे झेपणारे नव्हते. १९८८ मध्ये देशात सुमारे ८,००० लँडफिल होते, २००० पर्यंत ते २,००० च्या आसपास उरले. जे उरले ते अवाढव्य आणि बरेचसे खासगी. त्यांना लांबलांबचा कचरा हवाच होता.

इथे काउंट्या कोर्टात हरू लागल्या. कचरा हाही व्यापाराचा माल आहे, परराज्यातून येतो म्हणून तो अडवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच न्यू जर्सीला सांगितले होते. मिशिगनने वेगळी वाट काढून पाहिली: काउंटीच्या आराखड्यात परवानगी नसेल तर दुसऱ्या काउंटीचाही कचरा नको. म्हणजे परराज्याशी भेदभाव नाही, सगळेच बाहेरचे! सेंट क्लेअर काउंटीतल्या एका खासगी लँडफिलने रोज १,७५० टनांपर्यंत परराज्यातला कचरा घेण्याची परवानगी मागितली, ती नाकारली गेली, आणि १९९२ मध्ये न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. माझ्या मते निकाल कायद्याला धरून होता, पण खड्ड्याशेजारी राहणाऱ्यांना त्याचा काय उपयोग?

उलट बाजूनेही प्रयत्न झाले: आपला कचरा आपल्याच केंद्रात आणा अशी सक्ती. न्यूयॉर्क राज्यातल्या क्लार्क्सटाउनने कंत्राटदाराकडून केंद्र बांधून घेतले. त्याने ते पाच वर्षे चालवायचे आणि मग एका डॉलरला गावाला विकायचे, असा सौदा होता. १९९४ मध्ये ही सक्ती रद्द झाली. पण ओनायडा आणि हर्किमर या काउंट्यांचे केंद्र सार्वजनिक प्राधिकरणाच्या मालकीचे होते. तिथे टनाला किमान ८६ डॉलर मोजावे लागत, सक्ती नसती तर काम ३७ ते ५५ डॉलरांत झाले असते, अशी वाहतूकदारांची तक्रार. तरीही २००७ मध्ये न्यायालयाने काउंट्यांच्या बाजूने कौल दिला. मालकी सरकारी असेल तर कचऱ्याची वाट ठरवता येते, एवढी फट त्यामुळे खुली झाली.

टेक्सासची तऱ्हा आणखी निराळी. तिथल्या काउंट्यांना जमीनवापर ठरवण्याचा सर्वसाधारण अधिकार नाही. आरोग्याला धोका असल्याचे कारण देऊन त्या कचरा टाकण्यास बंदी करू शकतात, मात्र काउंटीत कुठे टाकता येईल ती जागाही आखून द्यावी लागते. आणि एखाद्या जागेसाठी परवान्याचा अर्ज राज्याकडे आधीच दाखल असेल, तर नंतर काढलेली बंदी त्या जागेला लागू होत नाही. त्यामुळे लँडफिलवाला दारात येण्यापूर्वीच आयुक्तांना, म्हणजे काउंटीच्या निवडून आलेल्या कारभाऱ्यांना, नकाशा काढून ठेवावा लागतो.