थायरॉईड शस्त्रक्रिया सेवेवरील महासाथीचा परिणाम (कोल्हापूर परिसर)

थायरॉईडच्या गाठी, गलगंड, कर्करोग आणि औषधांना दाद न देणारा ग्रंथीचा अतिस्राव यांसाठीच्या शस्त्रक्रिया बहुतांशी आधी तारीख ठरवून केल्या जातात. त्यामुळे कोविड-१९च्या महासाथीत ज्या शस्त्रक्रिया सर्वांत आधी लांबणीवर पडल्या, त्यांत यांचा समावेश होता. कोल्हापुरात चंदगड-आजऱ्याप्रमाणेच सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि निपाणी-बेळगाव भागातूनही रुग्ण उपचारांसाठी येतात. येथे रुग्णालयांवरील ताणाला प्रवासबंदीचीही जोड मिळाली. ठरलेली शस्त्रक्रिया उशिरा झाल्याने जेवढे बिघडले, त्याहून अधिक नुकसान गाठीचे निदानच लांबल्याने झाले असावे, असे उपलब्ध माहितीवरून दिसते.

थायरॉईडच्या कर्करोगांत पॅपिलरी प्रकार सर्वाधिक आढळतो आणि तो सहसा फार सावकाश वाढतो. जपानमधील कोबे येथील कुमा रुग्णालयात १९९३ पासून एक सेंटिमीटरपर्यंतच्या, कमी जोखमीच्या अशा गाठी न काढता नियमित सोनोग्राफी करून त्यांवर नुसती देखरेख ठेवली जात आहे, आणि बहुसंख्य रुग्णांत त्या वर्षानुवर्षे वाढलेल्या नाहीत. या अनुभवाच्या बळावरच २०२० मध्ये जगभरातील शल्यचिकित्सकांना अशा रुग्णांना काही महिने थांबण्याचा सल्ला निर्धास्तपणे देता आला. मात्र श्वासनलिका दाबणारा मोठा गलगंड, झपाट्याने पसरणारा अ‍ॅनाप्लास्टिक कर्करोग आणि औषधांनी आटोक्यात न येणारा ग्रेव्हज आजार (ग्रंथीच्या अतिस्रावाचा एक प्रकार) यांना ही सवलत लागू नव्हती. या रुग्णांना साथीच्या भरातही शस्त्रक्रियागृहाची वाट मोकळी ठेवणे आवश्यक होते.

अडचण केवळ खाटांची नव्हती. विषाणूचे वास्तव्य नाक-घशातच असल्याने भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणे आणि ती काढणे, तसेच शस्त्रक्रियेपूर्वी दुर्बिणीतून स्वरतंतू तपासणे, ही नेहमीची कामे डॉक्टर व परिचारिकांसाठी धोक्याची झाली. मे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, शस्त्रक्रियेच्या आगेमागे कोविड झालेल्या रुग्णांपैकी २३.८ टक्के रुग्ण तीस दिवसांत दगावल्याचे आढळले. पुढे २०२१ मध्ये, कोविड झाल्यानंतर शक्य असल्यास किमान सात आठवडे नियोजित शस्त्रक्रिया करू नये, असा निष्कर्ष निघाला. शिवाय भूलतज्ज्ञ अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवरील रुग्णांकडे गुंतले होते. भूलतज्ज्ञाविना थायरॉईडची शस्त्रक्रिया होत नाही.

कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘सीपीआर’, कोविड रुग्णालय करण्यात आले. जिल्ह्यातील गरीब रुग्णांचा मोठा आधार असलेल्या या रुग्णालयातील नियोजित शस्त्रक्रिया साहजिकच मागे पडल्या. एसटी बंद, जिल्ह्याबाहेर जायचे तर ई-पास, अशा स्थितीत गळ्याची न दुखणारी गाठ दाखवण्यासाठी घाट चढून कोण येणार? २०२१ च्या दुसऱ्या लाटेत जिल्ह्यातील संसर्ग राज्यातील इतर अनेक भागांपेक्षा उशिरा ओसरला. कोगनोळी नाक्यावर कर्नाटकात प्रवेशासाठी आरटीपीसीआर अहवाल मागितला जाऊ लागला, तेव्हा उपचारांसाठी ये-जा करणाऱ्या सीमाभागातील रुग्णांचा परतीचा प्रवास कठीण झाला. त्यातच जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या महापुराने पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला.

शस्त्रक्रियेनंतरची देखरेखही या काळात बदलावी लागली. संपूर्ण ग्रंथी काढल्यावर तिच्या मागील चार लहान पॅराथायरॉईड ग्रंथींना धक्का बसून रक्तातील कॅल्शियम उतरू शकते. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येणे, मग हातापायांत गोळे येणे, ही त्याची लक्षणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, म्हणजे नेमकी रुग्ण घरी पोहोचल्यावरही दिसू शकतात. एरवी अशा वेळी रक्त तपासून कॅल्शियमची मात्रा ठरवता येते. गगनबावड्यासारख्या भागात परतणाऱ्या रुग्णाला प्रयोगशाळा गाठणेच अवघड असेल, तर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरुवातीपासून देऊन घरच्यांना लक्षणे समजावून सांगणे हा सुरक्षित मार्ग ठरतो. आवाज बसला आहे का, पाणी पिताना ठसका लागतो का, हे फोनवरूनही विचारता येते, आणि स्वरतंतूच्या मज्जातंतूला इजा झाली असल्यास त्यावरून बराचसा अंदाज येतो.

कर्करोगाच्या काही रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर रेडिओआयोडीन, म्हणजे किरणोत्सारी आयोडीन, द्यावे लागते. त्याच्या मोठ्या मात्रेसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची मान्यता असलेले स्वतंत्र कक्ष लागतात आणि ते मोजक्याच शहरांत आहेत. तयारी म्हणून थायरॉक्सिनची (थायरॉईडच्या संप्रेरकाची) गोळी साधारण तीन-चार आठवडे बंद ठेवून टीएसएच, म्हणजे थायरॉईडला चालना देणारे संप्रेरक, वाढू द्यावे लागते. गोळी बंद केल्यावर तारीख पुढे गेली, तर रुग्णाला थकवा, सूज, थंडी न सोसणे आणि मन उदास राहणे हे सारे तितके दिवस अधिक सोसावे लागते, किंवा गोळी पुन्हा सुरू करून तयारी नव्याने करावी लागते. या त्रासाची नोंद शस्त्रक्रियांच्या आकडेवारीत कोठेच होत नाही.

४९ देशांतील १५७ केंद्रांची माहिती घेऊन २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘थायकोविड’ अभ्यासानुसार, साथीच्या पहिल्या भरात थायरॉईड शस्त्रक्रिया लक्षणीय घटल्या आणि भर ओसरल्यावर आक्रमक लक्षणे असलेल्या कर्करोगांचे प्रमाण वाढलेले आढळले. निदानाची साखळी तुटली होती, हे त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे. गाठ बहुधा दुखत नाही. ती शेजारणीच्या किंवा आरोग्यसेविकेच्या नजरेस पडते, मग सोनोग्राफी आणि सुईने पेशी काढून तपासणी होते. शिबिरे आणि ओपीडी बंद असताना यांतली पहिली पायरीच नाहीशी झाली. याउलट, कोविडसाठी केलेल्या छातीच्या सीटी स्कॅनमध्ये गळ्याचा खालचा भागही येत असल्याने काहींच्या थायरॉईडमधील गाठी अनपेक्षितपणे उघड झाल्या. अशा बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, तरी पुढील सोनोग्राफीची गरज आहे का, हे त्यांतील प्रत्येकीबाबत ठरवावे लागते.