कोरियन हेरपट

कोरियन हेरपट : उत्तर आणि दक्षिण कोरियातील वैरावर बेतलेले, दक्षिण कोरियात तयार होणारे हेरगिरीचे थरारपट. पाठलाग, गोळीबार, दुहेरी हेर हे सारे इतर देशांच्या हेरपटांतही असते. इथला शत्रू मात्र परका नसतो. तो तीच भाषा बोलतो, तशीच किमची खातो, कदाचित त्याचे नि आपले आजोबा एकाच गावचे असतात. या चित्रपटांची ओढ मुख्यतः यातून येते.

कोरियन युद्ध २७ जुलै १९५३ रोजी थांबले ते शस्त्रसंधीने. शांतता करार आजवर झालेला नाही. सुमारे २५० किमी. लांब आणि ४ किमी. रुंद अशा निर्लष्करी पट्ट्याच्या दोन बाजूंना घरेच्या घरे विभागली गेली. जानेवारी १९६८ मध्ये उत्तरेचे ३१ कमांडो राष्ट्राध्यक्षांना मारण्यासाठी थेट सोलमध्ये शिरले. बदला घ्यायला दक्षिणेने सिल्मिडो बेटावर एक गुप्त तुकडी घडवली. मोहीम बारगळली आणि १९७१ मध्ये त्याच तुकडीने बंड केले. त्या घटनेवरचा ‘सिल्मिडो’ (२००३) हा कोरियात एक कोटी प्रेक्षकांचा टप्पा गाठणारा पहिला चित्रपट. म्हणजे हेर ही तिथल्या प्रेक्षकाला पडद्यावरची कल्पना वाटत नाही. तो वर्तमानपत्रातून घरात आलेला असतो.

तरीही या हेराला माणूस म्हणून दाखवणे दीर्घकाळ धोक्याचे होते. दिग्दर्शक ली मान-ही यांनी उत्तरेचे सैनिक सहानुभूतीने रंगवले, म्हणून १९६५ मध्ये त्यांना साम्यवादविरोधी कायद्याखाली अटक झाली. १९९६ मध्ये घटना न्यायालयाने चित्रपटांची सक्तीची पूर्वतपासणी घटनाबाह्य ठरवली. १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या किम दे-जुंग यांनी उत्तरेशी सलोख्याचे धोरण आणले. वाट मोकळी झाली.

तिच्यावरून पहिला आला कांग जे-ग्यु यांचा ‘शिरी’ (१९९९). कोरियातल्या प्रेक्षकसंख्येत त्याने ‘टायटॅनिक’लाही मागे टाकले. उत्तर-दक्षिणेच्या फुटबॉल सामन्यात स्फोट घडवण्याचा कट आणि तो रोखणारा दक्षिणेचा अधिकारी, एवढी कथा साधी आहे. पण तो जिच्याशी लग्न करणार असतो, तीच उत्तरेची नेमबाज निघते. चोई मिन-सिक यांनी रंगवलेला उत्तरेचा म्होरक्या आपल्या उपाशी जनतेबद्दल संतापून बोलतो, तेव्हा खलनायकाचे म्हणणे खोटे वाटत नाही. शिरी हे कोरियन नद्यांमधल्या एका लहानशा माशाचे नाव. त्याला सीमा ठाऊक नसते.

या चित्रपटांतला दुसरा धागा म्हणजे स्वतःच्याच यंत्रणेवरचा अविश्वास, आणि तो आधीच्या धाग्याइतकाच खोल आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिणेच्या गुप्तचर संस्थेने आपल्याच नागरिकांचा छळ केला. तिचेच प्रमुख किम जे-ग्यु यांनी २६ ऑक्टोबर १९७९ रोजी राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांना गोळ्या घातल्या. अभिनेते ली जंग-जे यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट ‘हंट’ (२०२२) १९८० च्या दशकातल्या लष्करी राजवटीत घडतो. घरभेदी शोधणारे दोन अधिकारी एकमेकांवरच संशय घेतात. ऱ्यू सुंग-वान यांच्या ‘द बर्लिन फाइल’मध्ये (२०१३) उत्तरेच्या हेराला त्याचेच लोक वाऱ्यावर सोडतात. त्यातल्या मारामाऱ्या अंगावर येतात, कारण मार खाणाऱ्याला परतायला घर उरलेले नसते.

माझ्या मते या प्रकारातली सर्वांत परिपक्व कृती ‘द स्पाय गॉन नॉर्थ’ (२०१८) ही आहे, आणि तिच्यात मारधाड जवळजवळ नाहीच. ‘ब्लॅक व्हीनस’ या सांकेतिक नावाने १९९० च्या दशकात उत्तरेत वावरलेल्या खऱ्या दक्षिणी हेराची ही कथा. व्यापारी बनून तो बीजिंगमधल्या उत्तरेच्या अधिकाऱ्याचा विश्वास मिळवतो. दोघे समोरासमोर बसून नुसते बोलतात, तरी श्वास अडकतो. एकाची चूक दुसऱ्याच्याही जिवावर बेतेल, हे आपल्याला हळूहळू उमगते. विश्वास खोटा म्हणून सुरू होतो आणि दोघांच्या नकळत खरा होतो.

या लाटेचा एक धागा मराठी दिग्दर्शकापर्यंतही येतो. माजी गुप्त अधिकाऱ्याची कथा सांगणाऱ्या ‘द मॅन फ्रॉम नोव्हेअर’वरून (२०१०) निशिकांत कामत यांनी ‘रॉकी हँडसम’ (२०१६) हा हिंदी चित्रपट गोव्याच्या पार्श्वभूमीवर केला आणि त्यात खलनायकही रंगवला. उत्तर-दक्षिणेचे वैर नसलेल्या मातीत कथेतला सूड तेवढा रुजला.

उपशीर्षके वाचून हे चित्रपट पाहणाऱ्याच्या हातून एक गोष्ट निसटते, ती म्हणजे बोली. उत्तरेचा हेल दोन वाक्यांत ओळखू येतो, म्हणून सोलमध्ये लपलेल्या हेराला तो गिळावा लागतो. ‘दोंगमू’ हा मित्रासाठीचा जुना कोरियन शब्द. उत्तरेने तो ‘कॉम्रेड’ या अर्थी उचलला आणि दक्षिणेत तो तोंडी आणायचीच चोरी झाली. तिथे मित्राला ‘चिंगू’ म्हणतात. पडद्यावर दोन माणसे एकमेकांना यांपैकी कोणत्या शब्दाने हाक मारतात, तिकडे कान द्यावा.