ड्रायव्हरवाली एलईडी प्लेट

एलईडीच्या चिप आणि त्यांना करंट मोजून देणारं सर्किट हे दोन्ही एकाच प्लेटवर बसवलेलं असलं की तिला ड्रायव्हरवाली एलईडी प्लेट म्हणतात. दुकानात ही डीओबी म्हणून मागतात, ड्रायव्हर ऑन बोर्डचं ते छोटं नाव. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या सगळ्या भागात गणपतीचा देखावा, दिवाळीचा आकाशकंदील, पोरांचे किल्ले, शिवजयंतीचे चित्ररथ, जिथं म्हणून हौसेनं लाइटिंग केलं जातंय तिथं ही प्लेट उपयोगी पडते. पण नाव एक असलं तरी हिच्या दोन अगदी वेगळ्या जाती आहेत, एक थेट घरातल्या 230 व्होल्टवर चालणारी आणि दुसरी 5 किंवा 12 व्होल्टवर चालणारी. कुठली कुठं लावायची हे ठरवताना उजेड किती पडतो ते नंतर बघा, तिथं कुणाचा हात पोचतोय ते आधी बघा.

ड्रायव्हर लागतोच कशाला, तर पांढरी एलईडी साधारण 3 व्होल्टला पेटते आणि त्याच्यावर व्होल्टेज जरासं जरी वाढलं तरी करंट मात्र भसकन वाढतो, त्यात ती तापली की तिला व्होल्टेज अजून कमी पुरतं म्हणजे तेवढ्याच व्होल्टेजला अजून जास्त करंट ओढते, आणि असं वाढत जाऊन जळते. म्हणून करंट कुणीतरी धरून ठेवायला लागतो. साध्या 12 व्होल्टच्या एलईडी पट्टीत हे काम रेझिस्टर, म्हणजे करंटला अडवणारा बारीक भाग, करतो, पण त्याला खरा ड्रायव्हर म्हणता येत नाही, कारण व्होल्टेज बदललं की करंटही बदलणारच.

हा फरक आमच्याकडं चित्ररथावर चांगलाच कळतो. बेळगावात शिवजयंतीची मिरवणूक वैशाखात तिथीप्रमाणं निघते, रात्रभर चालते, आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीवर काही लाइटिंग घेतलं की इंजिन चालू असताना ते 12 व्होल्ट राहत नाहीत, 14 च्या वर जातात. साध्या पट्टीत तीन एलईडी मिळून 9 व्होल्ट घेतात आणि उरलेले 3 रेझिस्टरवर पडतात, तेच 14.4 झाले की रेझिस्टरवर 5 च्या वर येतात, म्हणजे करंट दीडपटीच्या वर गेला. आमच्या गल्लीच्या रथावर एका वर्षी अशीच पट्टी मावळ्यांच्या मागं लावली होती, मध्यरात्रीपर्यंत निम्मी काळी पडली, आणि पोरांनी महिनाभर राबून केलेला देखावा अंधारात पुढं गेला याचं मला अजून वाईट वाटतंय. तिथं पीटी4115 सारखी आयसी, म्हणजे छोट्या काळ्या तुकड्यातलं तयार सर्किट, असलेली प्लेट पाहिजे होती. ही आयसी 6 ते 30 व्होल्टपर्यंत काहीही दिलं तरी करंट ठरलेलाच ठेवते, फक्त चिपांना लागतंय त्यापेक्षा इनपुट थोडं जास्त पाहिजे. करंट किती ते तिच्या छोट्या सेन्स रेझिस्टरवर ठरतंय, 0.1 व्होल्टला त्याच्या ओहमनं भागायचं, म्हणजे 0.3 ओहमचा असेल तर साधारण 330 मिलीअँपिअर. टॉर्चमधे जी 7135 आयसी असते तीही याच कामाची, पण ती 350 मिलीअँपिअर देते आणि एका लिथियम सेलवर चालणाऱ्या लहान कामाला बरी, 12 व्होल्टवर लावायची नाही.

आता 230 व्होल्टवाली. जुना 9 वॅटचा बल्ब उघडला की आत जी गोल ॲल्युमिनियमची प्लेट दिसते ती बऱ्याचदा हीच असते. तिच्यावर एक ब्रिज रेक्टिफायर (एसी वीज डीसी करणारा भाग), एकदोन आयसी, एकदोन बारीक रेझिस्टर आणि बाकी सगळ्या चिप एकामागं एक सिरीजमधे. बघायला एक चिप दिसली तरी तिच्या पोटात दोन-तीन किंवा सहा एलईडी असतात, त्यामुळं एकेक चिप 6, 9 किंवा 18 व्होल्टची असते. समजा 18 व्होल्टच्या 14 आहेत, तर माळ झाली 252 व्होल्टची. घरातली 230 ची वीज लाटेसारखी वरखाली होत असते, तिचं टोक 325 पर्यंत जातंय, मधला जो फरक तो आयसी स्वतःवर घेते आणि उष्णता म्हणून सोडते, म्हणून ही प्लेट पातळ पुठ्ठ्यावर चिकटवून चालत नाही, खाली पत्रा नाहीतर जाड ॲल्युमिनियम पट्टी पाहिजेच.

याच हिशेबातून खेड्यातली एक तक्रारही समजते. संध्याकाळी लोड वाढून व्होल्टेज 170 वर आलं की त्याचं टोक 240 होतंय, ते 252 पर्यंत पोचतच नाही, मग प्लेट एकदम मिणमिणते किंवा बंदच पडते. लोक म्हणतात प्लेट खराब निघाली, दुकानदाराशी भांडतात, पण प्लेट बरोबर असते, लाईनला दम नसतो. अशा गावात वेगळा एसएमपीएस ड्रायव्हर, म्हणजे लाईनचं व्होल्टेज चिपांना पाहिजे तसं बदलून देणारं सर्किट, असलेला जुन्या पद्धतीचा बल्ब जास्त बरा, त्यातले बरेचसे कमी व्होल्टेजवरही नीट पेटतात. दुसरं म्हणजे स्वस्त डीओबीवर मोठा कपॅसिटर नसतो, त्यामुळं उजेड सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतोय, डोळ्याला कळत नाही पण मोबाईलवर आरतीचा व्हिडिओ काढला की मूर्तीवरून काळे पट्टे सरकताना दिसतात. मखराच्या समोरच्या बाजूला ती लावू नये असं मी म्हणतो ते यासाठी पण.

पण खरं कारण वेगळं आहे. या प्लेटमधे ट्रान्सफॉर्मर नसतो, म्हणजे प्लेटवरची प्रत्येक जागा, मायनस लिहिलेली सुद्धा, थेट लाईनला जोडलेली आहे. चिप आणि खालचं ॲल्युमिनियम यांच्या मधे इन्सुलेशनचा फक्त एक बारीक थर, तो फुटला की पूर्ण पत्रा जिवंत होतो. गणपती येतात भाद्रपदात, बेळगाव-खानापूरकडं तेव्हा पाऊस संपलेला नसतो, मंडपात ओल, जमीन ओली, आणि पोरं अनवाणी. उघडी डीओबी प्लेट तिथं लावायचीच नाही, लावायची तर बंद डब्यात, पत्र्याला अर्थिंग करून आणि मागं 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाईन तोडणारा स्विच, ठेवून. आकाशकंदिलात आणि किल्ल्यात तर लहान मुलांचेच हात असतात, किल्ल्यावर पाणी शिंपडतात, अळीव पेरतात, तिथं 230 चं काही नको. 12 व्होल्टचा चांगला अडॅप्टर किंवा 5 व्होल्टची पॉवर बँक घ्या. पॉवर बँकेचं एक आहे, करंट फारच कमी ओढला तर बऱ्याच पॉवर बँका थोड्या वेळानं आपोआप बंद होतात, त्यामुळं एक-दोन एलईडीच्या किल्ल्याला तीन सेलचा डबाच बरा.

रंग बदलणाऱ्या पिक्सेल प्लेटा म्हणजे डब्ल्यूएस2812बी, यात तर प्रत्येक एलईडीच्या पोटातच ड्रायव्हर असतो. 5 व्होल्टवर चालते, पूर्ण पांढऱ्याला एका पिक्सेलला 60 मिलीअँपिअरपर्यंत लागतात, म्हणजे 100 पिक्सेलला 6 अँपिअर, हे गणित न करता मोबाईलचा चार्जर लावला की रंग फुटतात. लांब पट्टीत शेवटाला पांढरा पिवळट-लालसर दिसतो, कारण निळ्या-हिरव्याला 3 व्होल्ट लागतात आणि लाल 2 व्होल्टवरच भागवतो, म्हणून सप्लायच्या वायरी दोन्ही टोकांना द्यायच्या.

दुरुस्तीचं एवढंच. डीओबी प्लेटवर एक चिप काळा ठिपका पडून गेली की माळ तुटते, सगळी प्लेट बंद. प्लग काढून, थोडं थांबून ती चिप सोल्डरनं शॉर्ट केली की बाकीच्या पेटतात, करंट आयसी धरून असल्यामुळं तेवढाच राहतो, पण गेलेल्या चिपेचे 18 व्होल्ट आता आयसीवर पडतात आणि ती जास्त तापते. एक चिप अशी चालून जाते, दोन-तीन शॉर्ट केल्या की आयसीच जाते. त्यापेक्षा प्लेट नवी असतानाच करंट ठरवणाऱ्या जोडीच्या रेझिस्टरपैकी एक काढून टाकावा, दोन्ही सारखे असले तर करंट निम्म्यावर येतो, उजेडही कमी होतो पण प्लेट कोमट राहते आणि कितीतरी जास्त टिकते.