अपोलो १२ : वीज पडली, आकडे बिघडले, यान शाबूत

१४ नोव्हेंबर १९६९. फ्लोरिडात पाऊस पडत होता आणि केनेडी अवकाश केंद्रावर ढग खाली उतरले होते. तशातच पीट कॉनराड, डिक गॉर्डन आणि अॅलन बीन यांना घेऊन सॅटर्न ५ रॉकेट चंद्राकडे निघालं. ३६व्या सेकंदाला त्यावर वीज पडली आणि ५२व्या सेकंदाला पुन्हा पडली. ही वीज रॉकेटनेच ओढून घेतली होती. ११० मीटर धातू आणि त्यामागे तापलेल्या वायूंची लांबलचक शेपटी, म्हणजे भारलेल्या ढगाला आयती मिळालेली तारच.

यानाला वीज पुरवणारे तीन फ्युएल सेल पहिल्याच झटक्यात तुटले. ते जळाले नव्हते. संरक्षक सर्किटला भार एकदम वाढल्यासारखा वाटला आणि त्याने तिन्हींची जोडणी सोडली. सगळा भार बॅटऱ्यांवर आला, २८ व्होल्टचा पुरवठा २४च्या आसपास उतरला. दुसऱ्या झटक्याने यानाचा दिशादर्शक जायरो भरकटला. रॉकेट मात्र सरळ जात राहिलं, कारण त्याचा संगणक आणि जायरो वेगळे, तिसऱ्या टप्प्यावरच्या कड्यात बसवलेले होते.

ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्रातल्या पडद्यांवर तोवर निरर्थक आकडे येऊ लागले होते. यानातल्या संवेदकांचे संकेत पृथ्वीकडे पाठवण्याजोगे करणारं एससीई हे उपकरण व्होल्टेज उतरलं की बंद पडे. यानाची वीजव्यवस्था सांभाळणाऱ्या जॉन अॅरनने आकड्यांचा हाच विचित्र नमुना साधारण वर्षभरापूर्वी एका चाचणीत पाहिला होता, आणि त्याचं कारण शोधूनही काढलं होतं. तो म्हणाला, ‘एससीई टू ऑक्झ’, म्हणजे एससीईचा खटका सहायक स्थितीत टाका. हा खटका ना फ्लाइट डायरेक्टरला ठाऊक होता, ना कॉनराडला. तो बीनच्या बाजूला होता आणि बीनला माहीत होता. त्याने तो सहायक स्थितीत टाकला, तसे आकडे जागेवर आले. मग फ्युएल सेल पुन्हा जोडले गेले. मोहीम वाचली ती अॅरनच्या त्या जुन्या चिकाटीमुळे.

पृथ्वीच्या कक्षेत पोहोचल्यावर ताऱ्यांचा वेध घेऊन जायरो पुन्हा लावला गेला. १९ नोव्हेंबरला कॉनराड आणि बीन १९६७ साली उतरलेल्या सर्व्हेयर ३ या मानवरहित यानापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर उतरले आणि त्याचा कॅमेरा काढून घेऊन आले.

एक गोष्ट तपासता येत नव्हती. परतीची पॅराशूट सोडणारे स्फोटक विजेने निकामी झाले असले तर? तसं असतं, तर लगेच परत बोलावूनही तिघे वाचले नसते. म्हणून मोहीम पुढे नेली. २४ नोव्हेंबरला प्रशांत महासागरावर तिन्ही मुख्य पॅराशूट उघडली.