गाडी खाली, मुक्काम वर: क्रूझ-फेरीची पार्श्वभूमी

समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आणि नागपूरकरांना समुद्र एकदम जवळचा वाटू लागला. नागपूरजवळच्या शिवमडक्याहून पहाटे निघालं की ७०१ किलोमीटर कापून दिवस मावळायच्या आत मुंबईचं दार. आम्हीही गेल्या हिवाळ्यात गाडी घेऊन निघालो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊच्या धक्क्यावर मांडव्याच्या रो-रोसाठी, म्हणजे गाडी चालवतच चढवता-उतरवता येणाऱ्या बोटीसाठी, रांगेत लागलो. खलाशी हाताच्या खुणा करत गाड्या आत घेत होता. आरसे मिटवायला लावून त्यानं दोन गाड्यांमध्ये जेमतेम माणूस सरकेल एवढीच जागा ठेवली. हँडब्रेक ओढला तेव्हा पायाखाली सगळं हलकेच डोललं. मागच्या सीटवरून भाच्यानं विचारलं, "मामा, आपली गाडी बुडणार नाही ना?"

हसून सोडून द्यावा असा हा प्रश्न नाही. या जातीच्या जहाजांना त्याचं उत्तर फार महागात शोधावं लागलं आहे.

मांडव्याची बोट तासाभरात पोचवते. उत्तर युरोपातल्या बाल्टिक समुद्रात हाच प्रवास रात्रभराचा होतो. खालच्या मजल्यांवर ट्रक आणि मोटारी, वर केबिन, भोजनगृहं, दुकानं, नाचगाणी. संध्याकाळी स्वीडनच्या स्टॉकहोमला गाडी चढवायची, सकाळी फिनलंडच्या हेलसिंकीला उतरवायची. यालाच क्रूझ-फेरी म्हणतात. ही जहाजं चैनीसाठी जन्मली असं अनेकांना वाटतं. माझ्या मते त्यांना जन्म दिला मोटारगाडीनं आणि पोसलं करानं. चैन मागाहून आली.

सुरुवातीला गाड्या बोटीवर चढायच्या त्या क्रेननं. १९२८ मध्ये टाउनसेंड नावाच्या माणसानं इंग्लंडमधलं डोव्हर ते फ्रान्समधलं कॅले अशी मोटारींची फेरी सुरू केली, तीसुद्धा कोळसा वाहणाऱ्या एका जुन्या बोटीवर. एकेक गाडी दोरखंडात बांधून उचलायची आणि मालक खाली जीव मुठीत धरून बघत उभा! गाडी चालवतच जहाजात शिरावी ही गरज खऱ्या अर्थानं भागवली दुसऱ्या महायुद्धानं. रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवता यावेत म्हणून पुढून उघडणारी जहाजं बांधली गेली होती. १९४६ मध्ये फ्रँक बस्टर्ड या जहाज-व्यावसायिकानं ब्रिटिश नौदलाकडून अशी तीन जहाजं भाड्यानं घेतली आणि रणगाड्यांच्या जागी ट्रक भरले.

बाल्टिकमध्ये १९५७ साली सिल्या कंपनी उभी राहिली. १९५९ मध्ये 'वायकिंग' या जहाजानं स्वीडन-फिनलंड फेऱ्या सुरू केल्या आणि पुढे त्याच नावाची वायकिंग लाइन सिल्याची कायमची स्पर्धक झाली. १९६१ चं 'स्कँडिया' हे त्या भागातलं मुद्दाम बांधलेलं पहिलं रो-रो जहाज. त्या काळात फिनलंडचे लोक कामासाठी मोठ्या संख्येनं स्वीडनला जात होते. आपल्याकडचे चाकरमानीच म्हणा. पण बोटी मोठ्या झाल्या त्या केवळ त्यांच्यामुळे नाही. दोन देशांच्या मधल्या समुद्रात दारू आणि सिगारेट करमुक्त मिळे आणि घरी दोन्हींवर जबर कर. तिकीट स्वस्त ठेवा, दुकानातून कमवा, असं हे गणित होतं. रात्रीचा प्रवास असल्यामुळे माणसाला जेवण, झोप आणि करमणूक लागणारच. मग जायचं कुठेच नाही, नुसतं बोटीवर राहून परत यायचं, असे प्रवासीही वाढले.

१९७७ ची 'फिनजेट' या सगळ्यांत माझी आवडती. गॅस टर्बाइनवर, ३० नॉटहून (ताशी सुमारे ५५ किलोमीटर) जास्त वेगानं, हेलसिंकी ते जर्मनीतलं ट्राव्हेम्युंड अंतर ती सुमारे २२ तासांत कापायची. पण तेलाचे भाव चढले आणि टर्बाइनची भूक परवडेना. १९८१ मध्ये तिला जोडीनं डिझेल इंजिनं बसवावी लागली. नंतरच्या जहाजांनी वेगापेक्षा आकार आणि सुखसोयी वाढवल्या. १९९० च्या 'सिल्या सेरेनेड'मध्ये तर मधोमध दुकानांचा एक अख्खा रस्ता आहे. आतल्या केबिनच्या खिडक्या समुद्राकडे नाही, त्या रस्त्याकडे उघडतात. नागपूरच्या बर्डी बाजारातल्या मेन रोडवर छप्पर घालून तो पाण्यात सोडावा तसं काहीसं. मोठ्या क्रूझ जहाजांनी ही कल्पना पुढे उचलली.

आता भाच्याचा प्रश्न. गाड्या सरळ आत जाव्यात म्हणून या जहाजांचा गाड्यांचा मजला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळा असतो, मध्ये आडव्या भिंती नसतात. परातीत दोन बोटं पाणी घेऊन चालून बघा. परात जरा कलली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि परात आणखी कलते. ६ मार्च १९८७ ला बेल्जियमच्या झीब्रुगा बंदरातून 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' निघालं तेच नाळेची, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाची, दारं उघडी ठेवून. १९३ जण गेले. २८ सप्टेंबर १९९४ च्या रात्री एस्टोनिया देशातल्या तालिनहून स्टॉकहोमला जाणाऱ्या 'एस्टोनिया'च्या नाळेचा उघडणारा भाग वादळी लाटांनी उखडला, गाड्यांच्या मजल्यावर पाणी शिरलं आणि तासाभराच्या आत जहाज तळाला गेलं. ९८९ पैकी ८५२ माणसं. सुट्टीला निघालेली, केबिनमध्ये झोपलेली. १९९६ मध्ये उत्तर युरोपातल्या देशांनी करार केला: गाड्यांच्या मजल्यावर अर्धा मीटरपर्यंत पाणी चढलं तरी जहाज तगलंच पाहिजे.

१ जुलै १९९९ पासून युरोपीय संघानं आपापसातल्या प्रवासावरची करमुक्त विक्री बंद केली. मग हा धंदा बसायला हवा होता. पण फिनलंडचा ओलांड द्वीपसमूह संघाच्या करक्षेत्राबाहेर आहे. त्यामुळे जहाजं रात्री-पहाटे तिथल्या मारिएहाम्न बंदरात थोडा वेळ थांबतात आणि तेवढ्यावर दुकान चालू राहतं. नॉर्वे तर संघातच नाही, म्हणून तिथल्या ओस्लोहून जर्मनीतल्या कीलला जाणाऱ्या मार्गावर अडचण आली नाही. त्याच मार्गावरची २००७ ची 'कलर मॅजिक' ही आकारानं सर्वांत मोठी क्रूझ-फेरी.

कोकण किनाऱ्यावर मात्र या प्रवासाचे तुकडे वेगवेगळे राहिले. मुंबई-गोवा आगबोटीवर रात्रभराचा मुक्काम होता, पण डेकवर पथारी टाकून, बोट लागलेल्या माणसाला लिंबू हुंगायला देत. सुट्टी म्हणून त्यात कोणी बसत नसे. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. आमची बोट त्याच पाण्यावरून गेली. २०१८ मध्ये 'आंग्रिया' आली. ती संध्याकाळी मुंबईहून निघून सकाळी गोव्याला पोचवायची. केबिन होत्या, गाड्या नव्हत्या. मांडव्याच्या बोटीवर २०२० पासून गाड्या आहेत, रात्र नाही.

फिनजेटचा शेवट आपल्याच देशात झाला. २००८ मध्ये ती गुजरातच्या अलंग किनाऱ्यावर लागली आणि तिथेच तोडली गेली. त्याच किनाऱ्यावर, भावनगरजवळच्या घोघ्याहून, नोव्हेंबर २०२० पासून सुरतजवळच्या हजिऱ्याला ट्रक, मोटारी आणि माणसं नेणारी बोट सुटते. रस्त्यानं ३७० किलोमीटर पडणारं अंतर ती ९० किलोमीटरांत, सुमारे चार तासांत पार करते.